गुंजाळ वकिलांचा जादा प्रश्न

रस्त्यावर झालेला अपघात तुम्ही शेवटचा कधी पाहिलात, आणि पाहिल्यावर काय केलंत? खरं सांगा, इथे कुणी लिहून घेत नाही. गाडी हळू केलीत, मान वळवलीत, तोंडातल्या तोंडात हळहळलात आणि पुढे गेलात. संध्याकाळी जेवताना घरच्यांना सांगितलंत. सांगताना पदरचं थोडं घातलंतही.

हा प्रश्न मूळचा माझा नाही. तो गुंजाळ वकिलांचा आहे. केडगावात ते आमच्या समोरच्या घरात राहत. गल्ली त्यांना आबा म्हणायची, नगरच्या कोर्टाच्या आवारातले जखमी लोक त्यांना ‘कंपनीचा वकील’ म्हणायचे आणि म्हणताना जमिनीवर थुंकायचे. अपघातात कुणाचा पाय जातो, कुणाचा नवरा जातो. मागे राहिलेला माणूस भरपाईसाठी दावा लावतो. ज्या गाडीने धडक दिली तिचा विमा ज्या कंपनीकडे असेल ती कंपनी, भरपाई द्यायला लागू नये म्हणून वकील उभा करते. तो वकील म्हणजे आबा. उभी हयात त्यांनी हेच केलं. समोरच्याची वेदना खरी आहे की नाही हे तपासायचं आणि शक्यतो ती खोटी ठरवायची.

आमच्या घरात वर्तमानपत्रापेक्षा पत्रकं जास्त असत. वडील ऊसतोड कामगारांच्या संघटनेत. पलंगावर ओल्या शाईची पत्रकं वाळत पडलेली असायची आणि त्यांच्यावरच मी अक्षरं जोडायला शिकले. ‘कमळ’ आणि ‘बदक’ यांच्याआधी मला ‘दलाल’ आणि ‘लूट’ वाचता येत होतं. त्यामुळे समोर कोण राहतं हे मला कुणी समजावून सांगायची गरज पडली नाही.

दिसायला आबा एकदम साधे. किडकिडीत, कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, बाहेर पडले की डोक्यावर हेल्मेट. स्कूटरवर असताना तर होतंच, पण कोपऱ्यावर चालत दूध आणायला गेले तरी ते डोक्यावरच. दूधवाला म्हणायचा, “आबा, आता तरी काढा, इथं कोन धडकतंय तुमाला?” आबा म्हणायचे, “धडकणारा आधी सांगून येतो का?” आणि दूध घेताना पातेल्यात वाकून बघायचे. दुधावरचा विश्वास वेगळा, दूधवाल्यावरचा वेगळा, आणि दोन्ही त्यांच्यापाशी नव्हते.

त्यांचं एक वाक्य गल्लीतल्या पोरांनाही पाठ होतं. “पाहिलं का ऐकलं?” कुणी काहीही सांगो, त्यावर आबांचा हा पहिला प्रश्न. पाणी उद्या येणार नाही म्हणे. पाहिलं का ऐकलं? अमक्याच्या सुनेने घर सोडलं. पाहिलं का ऐकलं? एकदा शेजारची चिमुरडी धावत आली, “आबा, तुमच्या दारात साप होता.”

“पाहिला का ऐकला?”

“पाहिला.”

“डोकं कुणीकडे होतं?”

पोरगी विचारात पडली आणि रडायला लागली. तिला आत घेऊन शैलाकाकूंनी लाडू दिला. शैलाकाकू म्हणजे आबांची बायको. त्या सगळ्यांदेखत म्हणायच्या, “आमच्या लग्नात भटजी सप्तपदी म्हणत होते तर हे खाली बघून पावलं मोजत होते. एखादं कमी पडलं असतं तर लग्न रद्द करायला मोकळे.” आबा हसायचे नाहीत. “मोजली होती. बरोबर होती,” एवढंच म्हणायचे.

कोर्टात ते कुणाचा चहा घेत नसत. डबा एकटे खात, भिंतीकडे तोंड करून. जखमी माणसं कुबड्या घेऊन व्हरांड्यात बसलेली असत, त्यांच्यासमोरून ते सरळ निघून जात. एकदा मी रस्त्यातच अडवून विचारलं, एका माणसाकडेही बघावंसं वाटत नाही का तुम्हाला? ते म्हणाले, “दया आली की उलटतपासणी संपते.” हे वाक्य मी संघटनेच्या पत्रकात त्यांच्या नावासकट छापायला दिलं होतं. वडिलांनी नाव काढून टाकलं. म्हणाले, समोर राहतात, रोज तोंड बघायचंय.

हे सगळं खरं असलं तरी एक गोष्ट कबूल करायला हवी. त्यांचा संशय आळशी नव्हता. दुसरे वकील कागद वाचून संशय घेत. आबा जागेवर जात. जिल्ह्यात कुठेही अपघात होवो, स्कूटर काढून, अपघात दिवसाच्या ज्या वेळी झाला त्याच वेळी तिथे पोचत, ऊन कुठून डोळ्यांवर येतं ते बघत, खिशातल्या खडूने रस्त्यावर खुणा करत. मग जवळच्या टपरीवर बसत आणि अपघाताचा शब्दही काढत नसत. पाऊसपाणी, कांद्याचा भाव, कुणाच्या विहिरीला किती पाणी, हेच बोलत. टपरीवाला आपणहून सांगू लागला की ऐकत.

शिर्डीचा एक हारवाला होता. जीपने उडवलं, उजवा हात खांद्याच्या वर जात नाही, धंदा बसला, असा त्याचा दावा. आबा कधी कुठल्या देवळात गेलेले कुणाला आठवत नाही, पण त्या दिवशी शिर्डीहून आले ते हातात गुलाबाचा हार घेऊन. काकूंना वाटलं, म्हातारपणी सुबुद्धी झाली. त्यांनी तो देवाला घातलाही. नंतर कळलं, आबांनी दुकानात सगळ्यात वरच्या खिळ्यावरचा हार मागितला होता आणि हारवाल्याने तो उजव्या हाताने चटकन काढून दिला होता. काकू म्हणाल्या, “जन्मात पहिल्यांदा हार आणला, तोही पुरावा निघाला.”

असे खोटे दावे असतात, हे आमच्या पत्रकांत कधी आलं नाही. सरकारी दवाखान्याच्या फाटकाशी माणसं घुटमळत असतात. पेशंट आत गेला की नातेवाइकांच्या खांद्यावर हात टाकतात. धडक दिली म्हणायला विम्याची गाडी मिळवून देतो, साक्षीदार मिळवून देतो, तुम्ही फक्त सही करा. आबा त्यांना ओळखून होते. पण मला कायम वाटत आलं की खोट्यांच्या नावाखाली हा माणूस खऱ्यांनाही गाडतो. याचा निकाल लागला तो सुमनबाईंच्या दाव्यात. किंवा नाही लागला. मी काय झालं तेवढं सांगते.

सुमनबाई शेवगाव तालुक्यातल्या. नवरा-बायको दरवर्षी ऊस तोडायला जात. मुकादम एकट्या माणसाला घेत नाही, जोडी घेतो. त्या जोडीलाच ‘कोयता’ म्हणतात. दोन माणसं मिळून एक कोयता. बाजरीच्या कोळपणीच्या, म्हणजे औताने तण काढायच्या, दिवसांत सुमनबाई बाजार करून रस्त्याच्या कडेने घरी येत होत्या, मागून आलेल्या टेम्पोने त्यांना पाडलं आणि उजव्या हातावरून चाक गेलं. टेम्पो थांबला नाही. हात कोपराखाली काढावा लागला. म्हणजे एका माणसाचा हात गेला नाही, एक कोयता गेला. मुकादमाने त्या दोघांना पुढच्या हंगामाला नको म्हणून सांगितलं. भरपाई मिळाली तर ते दोघं गावात काहीतरी करून जगणार, नाही मिळाली तर नवरा कुठेतरी हमाली बघणार आणि ती दोन लेकरं घेऊन माहेरी. दावा तेवढ्यासाठी होता.

दावा आमच्या संघटनेने लावला. अडचण एकच. फिर्याद उशिरा दिली होती, कारण दवाखान्यातून सवड नव्हती, आणि टेम्पोचा नंबर नवऱ्याला गावातल्या लोकांनी सांगितला होता. कोणी सांगितला, तर ‘लोकांनी’. टेम्पोवाला म्हणत होता, मी त्या दिवशी त्या रस्त्याला गेलोच नाही. आणि आबांचं म्हणणं लेखी आलं होतं: हात घरच्या कडबाकुट्टीत गेला, टेम्पो नंतर चिकटवला. आमच्या भागात कडबा कापायच्या मशीनमध्ये दरवर्षी कुणाचा ना कुणाचा हात जातो, त्यामुळे ऐकणाऱ्याला ते पटण्यासारखं होतं. मी ते वाचलं तेव्हा त्या माणसाच्या दारावर काळं फासावंसं वाटलं.

साक्षीदार हवा होता. गावाने दिला. भानुदास तात्या, पांढरा फेटा, कपाळाला बुक्का, शब्द मोडणार नाही असा माणूस. त्यांनी सांगितलं, मी शेजारच्या रानात औताने बाजरी कोळपत होतो, माझ्या डोळ्यांदेखत टेम्पोने बाईला पाडलं. आमच्या वकीलबाई खूश झाल्या. मीही झाले.

त्या दिवशी मी कोर्टात मागे बसले होते. सुमनबाई माझ्या शेजारी, पदराने हात झाकून. आबा उठले, चष्मा पुसला.

“तात्या, यंदा बाजरी कशी आहे?”

तात्या खुलले. “बरी हाय म्हनायची. पान्याचा खंड पडला मधी.”

“कोळपणी बैलांवरच करता अजून? ट्रॅक्टर नाही?”

“बैलंच हायेत आपली. खिल्लारी. पोरांपरीस त्यांना जपतो.”

“त्या दिवशी दोन्ही बैल जुंपले होते?”

“व्हय. एका बैलावर कोळपं चालतंय व्हय, साहेब?”

लोक हसले. आबांनीही मान हलवून हसल्यासारखं केलं. मग म्हणाले, “त्या दिवशी तिथी कोणती होती?”

तात्या बोटांवर मोजू लागले. आमच्या वकीलबाईंनी पंचांग कशाला, म्हणून हरकत घेतली. आबा शांतपणे म्हणाले, “अमावास्या होती. तात्या, तुम्ही अवसेला बैल जुंपले?”

कोर्टात दहा माणसं असतील तर त्यातली निम्मी खेड्यातली होती. त्यांनी एकदम श्वास धरला. आमच्याकडे अवसेला औत धरत नाहीत. उभं पीक वाळत असलं तरी नाही. बैलाच्या खांद्यावर त्या दिवशी जू ठेवणारा माणूस गावात तोंड वर करून हिंडू शकत नाही, आणि तात्या तर दर पोळ्याला बैलांच्या पायावर डोकं ठेवणारा माणूस. कोर्टात शपथेवर खोटं बोलायला ते एका बाईच्या हातासाठी तयार झाले होते. पण आपण अवसेला बैल जुंपले, हे भर कोर्टात कबूल करणं त्यांना झेपण्यासारखं नव्हतं.

“न्हाई,” तात्या म्हणाले. “अवसंला कोन जुंपतं, साहेब? आमी काय कसाई हावोत?”

“मग त्या दिवशी रानात नव्हता?”

“नव्हतो. घरी हुतो. वरडा झाला तवा पळत आलो. बाईला मीच उचलून गाडीत घातलं. लई रगत हुतं. म्या म्हनलं, गरिबाचं काम हाय, सांगू.”

सुमनबाईंनी माझा हात घट्ट धरला. डाव्या हाताने. साक्ष संपली होती, दावाही संपल्यात जमा होता. जज्जसाहेबांनी पेन खाली ठेवलं. आबांनी आता बसायचं, एवढंच राहिलं होतं.

ते बसले नाहीत. चष्मा काढला, पुन्हा पुसला, आणि म्हणाले, “तात्या, तुम्ही पळत आलात तेव्हा तिथे आधीपासून कोण होतं?”

तात्या म्हणाले, “हिरा हुती की. शेळ्यावाली. तिनंच तर टेम्पोचं सांगितलं.”

ते लिहून घेतलं गेलं. मग आबा बसले.

कोर्टातून बाहेर पडताना वकिलांच्या खोलीत हशा चालला होता. म्हातारा चुकला, जिंकलेला डाव एका प्रश्नाने घालवला, म्हणून. कारण आबांचाच एक नियम सगळ्या कोर्टाला ठाऊक होता: ज्याचं उत्तर आपल्याला माहीत नाही तो प्रश्न साक्षीदाराला विचारायचा नाही.

आमच्या वकीलबाईंनी अर्ज केला, हिराबाईंना साक्षीला बोलावलं. त्या आल्या, डोक्यावर पदर, पायात पुरुषी चपला. टेम्पोवाला समोर उभा होता. ओळखता का, असं विचारल्यावर म्हणाल्या, “वळखते की. आदल्याच बाजारी माझं बोकड मागायला आलता. वाळकं हाय म्हनला माझ्या बोकडाला. आसं म्हननारा मानूस इसरंन व्हय मी?” बाईला पाडून तो कुठल्या अंगाला पळाला, टेम्पोत कांद्याच्या गोण्या कशा रचल्या होत्या, सगळं त्यांनी सांगितलं. आबांनी उलटतपासणीत बरंच विचारलं. शेळ्या कुणाच्या रानात चरत होत्या, टेम्पोवाल्यावर राग होता का, सगळं. हिराबाई म्हणाल्या, “राग हाय. पर राग बोकडाचा हाय. हाताचं खरं सांगितलं.” त्या हलल्या नाहीत. भरपाई मंजूर झाली. हात परत आला नाही, पण सुमनबाई लेकरं घेऊन माहेरी गेल्या नाहीत.

आता आबांनी तो प्रश्न का विचारला? वडील म्हणाले, यात कंपनीचा काहीतरी डाव असणार, पुढे कळेल. पुढे काही कळलं नाही. काकू म्हणाल्या, “ह्यांना थांबता येत नाही, मला जेवतानासुद्धा विचारत बसतात, मीठ कधी घातलंस.” मी स्वतः शेवगावच्या रस्त्यावरच्या त्या टपरीवर गेले. टपरीवाला म्हणाला, “हेल्मेटवाले बाबा? आलते की, तात्याच्या साक्षीच्या आधीच. हिराबाईसंगं बसले हुते लई वेळ. शेळ्यांचंच चाललं हुतं.”

“अपघाताचं काही बोलले?”

“काय की बा. मी काय कान लावून बसतो व्हय? भजी जळतात.”

त्या संध्याकाळी आबांना फाटकाशीच गाठलं.

“आबा, तात्या मोडले होते. तुम्ही जिंकला होता. पुढचा प्रश्न का विचारला?”

“उलटतपासणी चालली होती.”

“उत्तर माहीत नसलेला प्रश्न विचारायचा नाही, असं तुम्ही म्हणता.”

“मी असं म्हणताना तू पाहिलंस का ऐकलंस?”

“ऐकलंय.”

“मग झालं तर.” ते फाटक लावायला लागले. लावता लावता थांबले. “तुम्ही तात्यांना उभं केलंत, कारण त्यांच्या डोक्याला फेटा होता. त्या बाईला कुणी विचारलं? पत्रकात तिला कष्टकरी म्हणता. साक्षीला मात्र तुम्हाला फेटेवाला लागतो.”

“म्हणजे तुम्हाला आधीच माहीत होतं.”

“हे तू म्हणतेस,” आबा म्हणाले आणि आत गेले.

मी अजूनही खात्री देऊ शकत नाही. माहीत असून विचारलं असेल, तर ज्या कंपनीचं वकीलपत्र घेतलं तिच्याशी तो दगा झाला. माहीत नसताना विचारलं असेल, तर ती म्हाताऱ्याची चूक, आणि आम्ही तिच्यावर जगलो. मला पहिलं खरं असावं असं वाटतं, म्हणूनच मी त्यावर विश्वास ठेवत नाही. एवढं मात्र मी त्यांच्याकडून घेतलं. पुढे कंपनीने त्यांना कामं देणं बंद केलं. तेही ऐकलेलं, पाहिलेलं नाही.

शेवटचं पाहिलं ते मात्र सांगते.

दुपारची वेळ, पुणे रस्त्यावर केडगावच्या वळणाजवळ आमची रिक्षा अडकली. एका कंटेनरने मोटरसायकलवाल्याला घासलं होतं. त्याला लोकांनी दवाखान्यात हलवलं होतं. कंटेनर पसार. मोबाईल उंच धरलेले हात एकेक करून खाली आले आणि गर्दी पांगली. मोटरसायकल आडवी पडली होती आणि तिच्याशेजारी, भर उन्हात, डोक्यावर हेल्मेट घातलेले आबा उभे होते. डांबरावर त्यांनी खडूने खुणा केल्या होत्या. मी खाली उतरले. एक तरणा हवालदार त्यांना बाजूला करत होता.

“बाबा, सरका. तुम्ही कोण, नातेवाईक का?”

“साक्षीदार.”

हवालदाराने वही काढली. “पाहिलं का तुम्ही?”

हा प्रश्न त्यांना आयुष्यात पहिल्यांदा दुसरं कुणीतरी विचारत होतं. आबांनी हेल्मेट काढलं. मी त्यांना रस्त्यावर हेल्मेट काढताना तोवर कधी पाहिलं नव्हतं.

“कंटेनर डाव्या बाजूला दाबत आला, ते पाहिलं. मग मी भाजीवाल्याकडे वळलो. पाडताना पाहिलं नाही. आवाज ऐकला. वळून बघितलं तेव्हा तो पडलेला होता आणि कंटेनर पुढे निघाला होता, ते पाहिलं. तेवढंच लिहा.”

हवालदार वैतागला. “पाडताना पाहिलंच नाही तर उपयोग काय, बाबा? पाहिलं म्हणा ना, पोराचं काम होईल.”

“उपयोग कोर्ट ठरवील,” आबा म्हणाले. “आणि त्या भाजीवालीला विचारा. तिचं तोंड रस्त्याकडे होतं.”

भाजीवाली तोवर टोपली उचलायला लागली होती. आबा तिच्याकडे चालत गेले आणि काही न बोलता तिच्या टोपलीशेजारी उभे राहिले. ती खाली बसली. हवालदार वही घेऊन तिकडे गेला. आमच्या रिक्षावाल्याने हॉर्न वाजवला, मी निघाले. त्यानंतर आबा आणि काकू लेकीकडे राहायला गेले. समोरच्या घराला कुलूप आहे.

म्हणून तुम्हाला एक काम सांगते. पुढचा अपघात तुमच्यासमोर होईल तेव्हा फोन खिशात ठेवा आणि थांबा. पोलीस येईपर्यंत थांबा, आपलं नाव द्या, आणि काही वर्षांनी कोर्टाचं बोलावणं आलं तरी जा. पाहिलं तेवढं सांगा. जे पाहिलं नाही ते, कितीही कळवळा आला तरी, पाहिलं म्हणू नका. आणि तिथे बांधावर कुणी शेळ्या घेऊन उभी असेल, तर ती निघून जायच्या आत तिलाही विचारा.